किती खुर्च्या पाहायच्या

"उद्या तुम्हाला एकच काम आहे," वकीलसाहेब म्हणाले. "गप्प बसायचं."

मिस्त्रींनी मान डोलावली, आणि मिस्त्रीणबाईंना तिथल्या तिथे कळून चुकलं की हे काही खरं नाही. आपल्या नवऱ्याला त्यांनी आजवर तीनच वेळी गप्प पाहिलं होतं. लाकडाला रंधा मारताना, दाढी करताना, आणि पोटच्या पोरीने भर कोर्टात उलटतपासणी घेतली त्या दिवशी. पहिल्या दोन्हींत ते खूश असत.

वकीलसाहेबांची खोली औषधांच्या दुकानाच्या वर होती. पक्षकारांसाठी तिथे चाकांच्या फोमच्या खुर्च्या होत्या, आणि जन्मभर वेताच्या बैठकीच्या खुर्च्या बनवणारे मिस्त्री त्यातल्या एकीच्या अगदी टोकाला टेकले होते. पूर्ण बसलं तर खुर्चीला मान्यता दिल्यासारखं होईल, अशी त्यांना भीती असावी.

"म्हणजे खटला पुन्हा उभा राहणार?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. खटला संपला, आपण हरलो. कारखाना निम्मा तुमचा, निम्मा तुमच्या बहिणीचा, ते आता बदलत नाही. राहिला फक्त खर्च. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, पण मागितला तेवढा नाही, वाजवी तेवढा. खर्च अधिकाऱ्यांनी बिल एकेक कलम घेऊन तपासलं. आपण हरकती घेतल्या, आणि सगळ्यात मोठं कलम त्यांनी निम्म्याहून जास्त कापलं. आता समोरच्या वकीलबाई त्या एका कलमासाठी फेरतपासणीला न्यायाधीशांकडे गेल्या आहेत."

'समोरच्या वकीलबाई' म्हणजे मिस्त्रींची धाकटी मुलगी. हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि वकीलसाहेब सोडून सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"कुठलं कलम?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

थोरल्या मुलाने फोनमधून डोकं वर काढलं. तो बापाबरोबर कारखान्यात काम करायचा आणि हिशेबाची बाजू सांभाळायचा. "खुर्च्या उलट्या करून बघायचं कलम, आई. दुसरं कुठलं? शंभरावर घरं हिंडली ती. लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत जमिनीवर झोपून खुर्च्यांची बुडं बघितली. आणि त्याच्या तासांचे पैसे आपल्याकडून मागते."

"अधिकाऱ्यांनी शेरा मारलाय," वकीलसाहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "'जाणकाराला चार-दोन नमुने पुरेसे असताना एवढी पाहणी अनावश्यक वाटते. तास फुगवलेले दिसतात.' ते अधिकारीही काही वाईट नाहीत. आपणच तसं लिहून दिलं होतं आणि उलट सांगणारं त्यांच्यापुढे कुणी नव्हतं. आता चूक झाली हे तिने दाखवायचं आहे. आपण फक्त बसायचं."

"आणि कलम कापलेलंच राहिलं तर लाकूड वाचतं," थोरला म्हणाला.

लाकूड म्हणजे मागच्या शेडमधलं. मिस्त्रींच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते रचून ठेवलं होतं. धाकटीचा जन्मही व्हायचा होता तेव्हा. इतकं मुरलं होतं की बोटाने टिचकी मारली तर खणखणायचं. कलम पुन्हा चढलं तर ते विकल्याशिवाय पैसे उभे राहत नव्हते. मिस्त्रीणबाईंनी मनात गणित मांडून पाहिलं. कलम कापलेलं राहिलं तर लाकूड राहतं आणि पोरीच्या नावावर 'फुगवलेले' हा डाग बसतो, तोही वकिलीच्या अगदी सुरुवातीला. कलम चढलं तर पोरगी स्वच्छ आणि लाकूड जातं. कसंही फिरवलं तरी घरातलंच काहीतरी जात होतं.

"चालेल," मिस्त्री उठत म्हणाले. "गप्प बसतो."

*

अंगणाच्या अलीकडे मिस्त्रींची शेड होती आणि पलीकडे त्यांच्या बहिणीची, म्हणजे मुलांच्या आत्याची, विणायची खोली. अण्णांच्या काळापासून शिरस्ता असा की खुर्चीचा सांगाडा इथे तयार व्हायचा, अंगण ओलांडून पलीकडे जायचा, तिथे भाऊ-बहिणींपैकी कुणीतरी बैठक विणायचं आणि मग तो परत यायचा. अण्णा गेल्यावर मिस्त्री म्हणाले, कारखाना माझा, बहीण आपली हाताखाली मदत करायची. बहीण म्हणाली, निम्म्या खुर्च्या माझ्या हाताच्या आहेत. मग नोटिसा झाल्या, घरात दोन तट पडले, आणि धाकटी आपलं सामान उचलून सरळ अंगणापलीकडे आत्याकडे राहायला गेली, वर तिचं वकीलपत्रही घेतलं. तेव्हापासून मिस्त्रींनी पलीकडे पाऊल टाकलं नाही; सांगाडे टेम्पोत बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला जात आणि अंगावर रेग्झिन चढवून परत येत. मिस्त्री त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत.

अंगण ओलांडायची मुभा फक्त एका कात्रीला होती. मिस्त्रीणबाई ती आत्याकडे मागायला जायच्या, दोन दिवसांनी परत करायला जायच्या, मग पुन्हा मागायला. ती कात्री कशासाठी लागते हे मिस्त्रींनी कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळीही त्या पदराआड कात्री घेऊन निघाल्या.

"वहिनी, आणलीस की नेतेस?" आत्याने वर न बघता विचारलं. तिच्या शेजारी टबात वेत भिजत होता आणि खोलीभर ओल्या गवतासारखा वास होता. बोटं चाललेली होती.

"आणलीय. उद्या नेईन."

धाकटी जमिनीवर कागद पसरून बसली होती. आईला बघून तिने थोडी जागा केली, पण कागद झाकले नाहीत. आपल्याला शत्रुपक्ष समजत नाही एवढ्यावरच मिस्त्रीणबाईंना भरून आलं.

"सोड ना गं ते कलम," त्या म्हणाल्या.

"मीही तेच म्हणतेय," आत्या म्हणाली. "मला माझा वाटा मिळाला. खर्चाचे पैसे मी माफ करून टाकते, म्हटलं."

"आणि हे माफी घेतील असं वाटतं तुला?"

आत्या हसली. "दादा? तो उद्या घर विकेल, पण माझं माफ केलेलं घेणार नाही."

"आई, मला पैशांचं काही नाही," धाकटी म्हणाली. "कलम बरोबर होतं एवढं कोर्ट म्हणालं, की पुढे आत्या आणि बाबा काय ते बघून घेतील. पण मी फुगवले असं लिहिलंय त्यात. मी न केलेलं काम लावलं असं. उद्या मी कुठल्याही कोर्टात बिल ठेवलं, की समोरचा हा कागद काढणार."

"पण एवढ्या खुर्च्या खरंच बघायला लागल्या का?"

हा प्रश्न आईने विचारावा याचं धाकटीला वाईट वाटलं असेल, पण तिने तसं दाखवलं नाही. तिने कोपऱ्यातल्या दोन जुन्या खुर्च्या ओढल्या, हातात बॅटरी घेतली आणि म्हणाली, "ये, झोप इथे."

"मी?"

"हो, तू. बिल तुझ्या नवऱ्यावर आहे."

म्हणून त्या वयात मिस्त्रीणबाई चटईवर आडव्या झाल्या आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा आपल्या घरच्या खुर्चीला खालून पाहिलं. धाकटी शेजारी झोपून प्रकाश फिरवत होती. वेताच्या पट्ट्या उभ्या, आडव्या, तिरक्या गेलेल्या, कडेच्या भोकांत खुंट्या ठोकलेल्या. दोन्ही खुर्च्या त्यांना एकसारख्याच दिसल्या.

"एक बाबांची आहे, एक आत्याची," धाकटी म्हणाली. "काही फरक दिसतो?"

"नाही बाई."

"मलाही दिसला नव्हता. पहिल्या कित्येक घरांनंतर मी येऊन आत्याला सांगितलं होतं, आपण हरणार. सगळ्या बाबांच्याच वाटत होत्या. मग एका दवाखान्यात एक सापडली. शेवटच्या पट्टीचं शेपूट बघ. इथे ते एका पट्टीखाली खोचलंय. आणि या दुसरीत दोन पट्ट्यांखाली. बस्स, एवढंच."

"मग ती आत्याची खूण."

"तीच तर गंमत आहे. आत्याच्याही सगळ्या खुर्च्यांत ती नाही."

वरून आत्याचा आवाज आला. "दादा समोर असला की मी त्याच्यासारखंच खोचायची. अण्णांना दोघांच्या हातात फरक दिसलेला चालायचा नाही. एकटी असले की मग हात आपल्या वळणावर जायचा. मला स्वतःला माहीत नव्हतं गं, हिने दाखवेपर्यंत."

"म्हणून मला आधी बाबा केव्हा केव्हा कारखान्यात नव्हते ते शोधावं लागलं," धाकटी म्हणाली. "त्यांच्या हाताला प्लास्टर होतं ते महिने, ते परगावी होते ते. मग त्या दिवसांत कुणी खुर्च्या घेतल्या ती घरं. आणि मग बाकीच्या दिवसांतल्याही, नाहीतर ही खूण त्याच दिवसांपुरती आहे हे सिद्ध कसं होणार? लोक चहा घ्या म्हणायचे, मी म्हणायची, आधी जरा खुर्चीवरून उठता का."

मिस्त्रीणबाईंनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. बॅटरीच्या उजेडात तिचे गुडघे दिसत होते, काळे पडलेले, घट्टे धरलेले. फरशा पुसणाऱ्या बायकांचे होतात तसे. आपण हिला शिकवलं ते हिने खुर्चीत बसून काम करावं म्हणून, आणि ही खुर्चीखाली जाऊन बसली. त्यांना हसू आलं आणि त्याच वेळी अभिमानाने छाती भरून आली, आणि यातलं काहीच लपवावंसं त्यांना वाटलं नाही. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला.

"तुझ्या बापानेसुद्धा इतकं काम केलं नसतं," त्या म्हणाल्या.

"केलं असतं," धाकटी म्हणाली. "त्यांच्याकडूनच शिकले."

घरी परतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की कात्री तशीच पदरात राहिली आहे.

*

फेरतपासणीची खोली लहान होती. मोठ्या दालनातला थाट तिथे नव्हता. एक लांब टेबल, भिंतीला टेकून कपाटं, खिडकीत कुणीतरी पाणी घालायला विसरलेलं रोप. न्यायाधीशबाई वयस्क होत्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलत आणि वाचताना खाली ओढत. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की त्या पूर्ण बिल नव्याने मांडणार नाहीत. ज्या कलमावर वाद आहे तेवढंच, आणि अधिकाऱ्यांनी दिलेलं कारण टिकतं की नाही, तेवढंच.

आत्या आणि धाकटी टेबलाच्या एका बाजूला होत्या. दुसरीकडे वकीलसाहेब, मिस्त्री, त्यांच्या मागे थोरला आणि मिस्त्रीणबाई. मिस्त्रींनी ओठ इतके घट्ट मिटले होते की तोंडात खिळे धरलेत असं वाटावं.

धाकटी उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. कुठल्या दिवशी कुठल्या घरी गेली, तिथे किती वेळ लागला, त्यातून काय मिळालं, एवढंच ती सांगत गेली. ज्या घरांत दार उघडलं नाही तिथला वेळ तिने लावलेलाच नव्हता. खुणेबद्दल पहिल्यांदा चुकीचा अंदाज बांधून जे दिवस फुकट गेले तेही नाहीत.

"ते का नाही लावले?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"चूक माझी होती, मॅडम. आमच्याकडे बिघडलेलं काम दुसऱ्यांदा केलं तर त्याचे पैसे गिऱ्हाइकाला लावत नाहीत."

"आमच्याकडे म्हणजे? तुमच्या ऑफिसात?"

"कारखान्यात, मॅडम."

मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री समोरच्या रोपाकडे बघत होते, पण त्यांचा कान हलला होता. तो नियम अण्णांचा होता. अण्णा गेल्यानंतर तो कुणी मोठ्याने उच्चारलासुद्धा नव्हता.

"बरं. पण हे काम वकिलाने का करावं?" न्यायाधीशबाईंनी चष्मा वर ढकलला. "एखादा तज्ज्ञ नेमला असता तर कमी वेळात झालं असतं. अधिकाऱ्यांचा मुद्दा तोही आहे."

"शोधला होता, मॅडम. या विणीचे जाणकार आता दोनच उरलेत. एक वादी आणि एक प्रतिवादी."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या लघुलेखकाला हसू आवरेना. न्यायाधीशबाईंनीही ओठ दाबले. मिस्त्रीणबाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता उठून आख्ख्या खोलीला सांगावं की ही माझी. पण त्या शत्रुपक्षाच्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्यामुळे त्यांनी फक्त पदर सारखा केला.

मग वकीलसाहेब उठले. माणूस हुशार होता आणि आपलं काम नीट करत होता. "मॅडम, मेहनत झाली, नाही म्हणत नाही. पण हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या प्रत्येक मेहनतीचे पैसे द्यायचे नसतात, गरजेपुरत्या मेहनतीचे द्यायचे असतात. शेवटी खुर्ची ती खुर्ची. विणकाम ते विणकाम. जाणत्या माणसाने चार उलट्या करून पाहिल्या की त्याला कळतं कुणाचा हात आहे. हे आम्ही हवेत बोलत नाही. आमचे अशील जन्मभर या धंद्यात आहेत, त्यांच्या अनुभवावरून लिहिलेलं आहे."

'खुर्ची ती खुर्ची' म्हटल्याबरोबर मिस्त्रींच्या मानेची शीर ताठ झाली. मिस्त्रीणबाईंनी मागून त्यांच्या कोटाचं टोक धरून ठेवलं. कशासाठी धरलं हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. बसवून ठेवण्यासाठी की ढकलण्यासाठी.

न्यायाधीशबाईंनी कागद चाळला. "ही हरकत तुमच्या सहीची आहे," त्या थेट मिस्त्रींना म्हणाल्या. "चार खुर्च्या पुरेत, हे तुमचंच मत आहे?"

"मॅडम, माझ्या अशिलाच्या वतीने मी..."

"तुम्ही बसा. मी त्यांना विचारतेय. धंदा त्यांचा आहे."

मिस्त्री उठले. मिस्त्रीणबाईंच्या हातातून कोटाचं टोक निसटून गेलं. थोरल्याने "बाबा" असं हळूच म्हटलं, आणि त्यात लाकडाची पूर्ण रास होती.

"सही माझी आहे," मिस्त्री म्हणाले. "लिहिलंय साहेबांनी. पण सही केली म्हणजे मीच बोललो."

"मग किती खुर्च्या पाहायला हव्यात? तुम्ही असता तर किती पाहिल्या असत्या?"

मिस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर आशा दिसू लागली. गप्प बसण्याचा सल्ला अखेर कुणीतरी मानतो आहे, असं त्यांना वाटलं असावं.

"मी एकच पाहिली होती," मिस्त्री म्हणाले. "खालच्या मोठ्या दालनात. हिने माझ्यापुढे खुर्ची ठेवली आणि विचारलं, कुणाची. मी उलटी केली, बघितली, आणि शपथेवर सांगितलं, माझी. माझा हात मी ओळखतो म्हणालो. मग हिने दवाखान्याचा कागद काढला. ती बैठक विणली गेली तेव्हा माझा हात प्लास्टरमध्ये होता. खुर्ची बहिणीची होती."

आत्याने खाली बघून बोटांनी पदराची कड विणल्यासारखी चाळवली.

"चार खुर्च्या बघून सांगणारा जाणता माणूस कोण म्हणताय तुम्ही? तो मीच. मला एक सांगता आली नाही. आमच्या वडिलांनी आम्हा दोघांना तसंच शिकवलं होतं, कुणालाही फरक दिसता कामा नये. मग ही पोरगी, जिने हातात कधी वेत धरला नाही, हिला तो चार खुर्च्यांत दिसणार होता?" त्यांनी पहिल्यांदा मुलीकडे पाहिलं. "किती लागतात ते मला ठाऊक नाही, मॅडम. एवढं ठाऊक आहे, की हिने थोड्या कमी पाहिल्या असत्या तर मी जिंकलो असतो."

आणि ते बसले. वकीलसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा खाली ओढला आणि लिहायला घेतलं. लिहिताना त्या एकदाच थांबल्या आणि मिस्त्रींकडे बघून म्हणाल्या, "अशी हरकत माझ्यापुढे आजवर आली नव्हती." मग आदेश वाचून दाखवला. पाहणी गरजेची होती, कारण तिच्यावाचून निकाल उलट लागला असता, हे हरलेल्या पक्षानेच सांगितलं आहे. कलम पूर्ववत. फक्त एकाच वस्तीत दोनदा जाण्याचा प्रवास टाळता आला असता, तेवढा कापलेला राहील. आणि 'फुगवलेले' हा शेरा काढून टाकण्यात येत आहे.

धाकटीने "आभारी आहे, मॅडम" म्हटलं आणि कागद गोळा करू लागली.

*

बाहेरच्या बोळकांडीत दुपारची वर्दळ ओसरली होती. वकीलसाहेब मिस्त्रींशी हात मिळवून, "तुमच्यासारखा अशील पुन्हा नको, पण भेटलात ते बरं झालं," असं म्हणून जिना उतरून गेले.

"लाकूड गेलं, बाबा," थोरला म्हणाला. तो रागावलेला होता, पण त्याच्या आवाजात आणखीही काहीतरी होतं. आपल्या बापाला पुन्हा नव्याने मोजायला लागल्यासारखा तो बघत होता.

"गेलं."

"कुणाला विकणार?" आत्याने विचारलं. ती चार हात लांब उभी होती. भावाशी तिचं इतक्या दिवसांतलं हे पहिलंच वाक्य होतं. "परक्याला विकलंस तर बघ. अण्णांनी खुर्च्यांसाठी ठेवलंय ते. खर्चापोटी माझ्या बाजूला टाक. सांगाडे मात्र तूच करून द्यायचे, मला काही रंधा येत नाही."

मिस्त्रींनी बोळकांडीभर नजर फिरवली आणि ती साक्षीदारांच्या बाकाशेजारी ठेवलेल्या जुन्या वेताच्या खुर्चीवर जाऊन थांबली. बैठक जरा खोलगट झाली होती, पण एकही पट्टी तुटलेली नव्हती. सांगाडा ओळखायला त्यांना खाली वाकायची गरज नव्हती.

"ही आपल्याकडची," ते म्हणाले.

"हो," धाकटी म्हणाली. दाराशी ती थोडी बावरून उभी होती, कोट हातावर. "अण्णांनी कोर्टाला दिली होती."

"बॅटरी आहे का गं?"

तिने पिशवीतून बॅटरी काढली. मिस्त्रींनी ठेवणीतल्या कोटाची पर्वा न करता फरशीवर बैठक मारली, मग आडवे झाले आणि सरपटत खुर्चीखाली गेले. धाकटीही वाकली, गुडघे टेकले आणि त्यांच्या बाजूला शिरली. जाणारे-येणारे थांबून बघू लागले. मिस्त्रीणबाईंना आता फक्त चार पावलं दिसत होती, दोन भेगाळलेली आणि दोन बुटांतली. त्या हळूच बाकावर टेकल्या. आत्याही येऊन त्यांच्या शेजारी बसली. पिशवीतली कात्री काढून त्यांनी तिच्या हातात दिली, आणि या वेळी ती परत कधी नेणार हे दोघींपैकी कुणी बोललं नाही.

खुर्चीखालून मिस्त्रींचा आवाज आला. "वीण बघ काय साफ आहे. एक पट्टी इकडची तिकडे नाही. ही माझी नाही. हे काम ठकीचंच." ठकी म्हणजे आत्या. हे नाव त्यांनी खटल्याच्या आधी शेवटचं घेतलं होतं.

आत्याने कात्री घट्ट धरली.

"नाही, बाबा," धाकटी म्हणाली. "ही कोर्टाला आली तेव्हा आत्या परगावी होती, सहा महिने. ही तुमची आहे."

धाकटीने बॅटरी आवरती घेतली असावी, कारण फरशीवरचा उजेड हलला. तेवढ्यात मिस्त्रींचा हात बाहेर आला आणि त्याने तिचं मनगट धरून ते पुन्हा आत ओढलं.

"थांब," ते म्हणाले. "नीट धर. मला परत बघू दे."